पानावरचा थेंब आणि झाडाची घडण

भोपाळ शहराच्या पूर्व अंगाला बरखेडा नावाची वसाहत आहे. विजेची अवजड यंत्रे तयार करण्यासाठी १९५६ साली जी सरकारी कंपनी स्थापन झाली, तिच्या कारखान्याच्या आश्रयाने ही वसाहत उभी राहिली आणि त्या निमित्ताने महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. वसाहतीतील आखीव रस्ते आणि एकसारखी घरे पाहून येथे शेतीचा विषय काढणे कोणाला चमत्कारिक वाटेल. परंतु रायसेनच्या वा बैरसियाच्या वाटेने थोडे बाहेर पडावे, की काळे रान लागते. पावसाळ्यात त्यावर सोयाबीन डोलत असते. हिवाळ्यात गहू, हरभरा आणि मसूर असतात. आपल्या ताटातील वरण, उसळ आणि पिठले अशाच रानांतून येते. तेव्हा त्या रानातील रोपट्याच्या अंगात काय चालते, हे जाणून घेणे कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्यालाही परके नाही.

अलीकडे खेड्यापाड्यांतील दुकानांत खताच्या पोत्यांशेजारी लहान बाटल्या आणि पुड्या मांडलेल्या दिसतात. त्यांवर ‘सूक्ष्म अन्नद्रव्ये’ असे शब्द असतात. पाण्यात मिसळून पानांवर फवारा, पीक हिरवेगार होईल, दाणा भरेल, असे आश्वासन त्यांसोबत असते. शेतकरी पदरचे पैसे मोडून ती बाटली घेतो. ती कधी गुण देते, कधी देत नाही. गुण आला तर तो औषधाचा की पावसाचा, आणि न आला तर दोष कोणाचा, हे त्याला कळत नाही. या प्रश्नाचे उत्तर बाटलीवरच्या कागदात सापडावयाचे नाही. ते झाडाच्या खोडात, पानात आणि मुळावरच्या गाठीत आहे. पानावर पडलेला थेंब शेंगवर्गीय झाडाच्या अंतर्रचनेत काय घडवून आणतो आणि त्याची सत्ता कोठे संपते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

झाडाला नत्र, स्फुरद, पालाश ही अन्नद्रव्ये भरपूर लागतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्यांखेरीज लोह, जस्त, मँगनीज, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल अशी आठ द्रव्ये अत्यल्प प्रमाणात लागतात. अत्यल्प म्हणजे किती? हरभऱ्याच्या एक किलो दाण्यांत जस्त सुमारे ३५ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीपेक्षाही कमी असते. मॉलिब्डेनम तर त्याहूनही पुष्कळ कमी. मग एवढ्याशा द्रव्यावाचून अडावे काय? घर विटांचे बांधतात हे खरे. पण गवंड्याजवळ थापी आणि ओळंबा नसेल, तर विटांचा ढीग पडून राहतो. सूक्ष्म अन्नद्रव्यांचे काम थापी-ओळंब्याचे आहे. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही. एखादे द्रव्य झाडाला खरोखर अत्यावश्यक आहे की नाही, हे ठरविण्याची कसोटी अर्नन आणि स्टाउट या शास्त्रज्ञांनी १९३९ साली घालून दिली. त्या द्रव्यावाचून झाडाचा जीवनक्रम पुरा होता कामा नये, त्याची जागा दुसऱ्या द्रव्याने भरून निघता कामा नये आणि झाडाच्या जीवनव्यापारात त्याचा प्रत्यक्ष भाग असला पाहिजे, अशी ती कसोटी आहे.

आता थेंबाच्या मार्गाकडे वळू. हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे पान घेऊन दाढीच्या पात्याने त्याचा अगदी पातळ आडवा काप काढावा, तो पाण्याच्या थेंबात ठेवावा आणि शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. सर्वांत वर पेशींचा एक थर दिसतो. ही पानाची त्वचा. तिच्यावर मेणासारखा पातळ लेप असतो. त्वचेच्या खाली कुंपणाच्या खांबांप्रमाणे लांबट पेशी शेजारी शेजारी उभ्या असतात. हरितद्रव्य त्यांत सर्वांत दाट. शास्त्रज्ञ या थराला स्तंभोतक म्हणतात. आपण त्याला खांबांचा थर म्हणू. त्याच्याखाली पेशी विस्कळीत असतात आणि त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या असतात. मधून मधून शिरा दिसतात. प्रत्येक शिरेत दोन प्रकारच्या नळ्या असतात. मुळांकडून पाणी वर आणणाऱ्या त्या जलवाहिन्या आणि पानात तयार झालेली साखर इतरत्र नेणाऱ्या त्या रसवाहिन्या.

मेणाचा लेप पानातील पाणी उडून जाऊ नये म्हणून असतो. जो बाहेर जाणाऱ्या पाण्याला अडवितो, तो आत येणाऱ्यालाही सहज वाट देत नाही. तरीही त्या लेपात अतिसूक्ष्म ओलसर वाटा असतात. पानावरील केसांच्या बुडाशी आणि पर्णरंध्रांच्या भोवती त्या अधिक असतात. विरघळलेला क्षार या वाटांनी हळूहळू आत उतरतो. मात्र थेंब ओला आहे तोपर्यंतच. तो वाळला, की क्षाराचे कण पानावर पांढऱ्या डागासारखे बसून राहतात आणि आत जाणे थांबते. म्हणून भर दुपारी, कडक उन्हात केलेली फवारणी बहुतांशी वाया जाते आणि सकाळच्या वा सायंकाळच्या दमट, शांत हवेत केलेली लागू पडते. तसेच क्षार वाजवीपेक्षा अधिक घातला, तर तो पेशींतील पाणी बाहेर ओढतो. पेशी आकसतात, मरतात आणि पानावर करपल्याचे डाग पडतात. शेतकरी ज्याला ‘औषध लागले’ म्हणतो, ते हेच.

पानातून शिरलेले द्रव्य अंतर्रचनेत काय करते, हे समजण्यासाठी आधी ते नसल्यास काय होते, ते पाहावे लागते. या बाबतीत शेंगवर्गीय झाडांनी शास्त्राला मोठा धडा दिला आहे. ऑगस्टिनियन मठातील साधू ग्रेगोर मेंडेल यांना आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या वाफ्यात सापडले, हे आपण शाळेत शिकतो. तितकी प्रसिद्धी न पावलेली दुसरी गोष्ट बाकल्याची आहे. बाकला म्हणजे घेवड्यासारखी, मोठ्या दाण्याची शेंग. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील संशोधन केंद्रात कॅथरीन वॉरिंग्टन यांनी बाकल्याची रोपे क्षारमिश्रित पाण्यात वाढविली आणि बोरॉनवाचून ती जगत नाहीत, हे १९२३ साली दाखवून दिले. शेंड्याचा कोंब काळा पडून मरत असे. पाण्यात बोरिक आम्लाचा लवलेश असला, की रोप धडधाकट राही.

वॉरिंग्टन तेथेच थांबल्या नाहीत. त्यांनी त्या आजारी रोपांच्या खोडांचे काप घेऊन त्यांतील रचना तपासली आणि १९२६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोडात जलवाहिन्या आणि रसवाहिन्या यांच्यामध्ये वाढीचा एक नाजूक थर असतो. दोन्ही प्रकारच्या नव्या नळ्या तो निर्माण करतो. बोरॉन नसताना या थरातील पेशी वेड्यावाकड्या फुगतात, त्यांचा रंग पालटतो आणि त्या नासतात. त्यांच्यालगतच्या रसवाहिन्या ढासळतात. जलवाहिन्या नीट तयार होत नाहीत. असे का व्हावे, याचा उलगडा व्हावयास आणखी ७० वर्षे लागली. पेशीच्या भिंतीतील शर्करामय पदार्थाच्या दोन साखळ्यांना बोरॉन एकत्र सांधून ठेवते, हे १९९६ साली स्पष्ट झाले. सांधा नसलेली भिंत वाढत्या पेशीचा ताण सहन करू शकत नाही. कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या श्रोत्यांना हे सांगावयास नको की, पत्रे कितीही चांगले असले तरी रिव्हेट नसतील तर टाकी उभी राहत नाही.

याच संस्थेतील विनिफ्रेड ब्रेंचली आणि थॉर्नटन यांनी १९२५ साली बाकल्याच्या मुळांवरील गाठींची तपासणी केली. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर लहान गाठी असतात आणि त्यांत राहणारे जीवाणू हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात, त्याच्या मोबदल्यात झाड त्यांना साखर पुरविते, हा व्यवहार आपल्या परिचयाचा आहे. बोरॉन नसलेल्या रोपांत गाठींपर्यंत जाणाऱ्या नळ्याच नीट तयार झाल्या नाहीत, असे या दोघांना आढळले. साखर पोहोचेना, तेव्हा उपाशी जीवाणू यजमानाच्याच पेशी खाऊ लागले. मित्राचा शत्रू झाला, आणि तो एका नळीच्या अभावी. झाडाची अंतर्रचना पाहण्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे. बाहेरून दिसली असती ती केवळ पिवळी पाने. आणि पाहणाऱ्याने नत्राचे खत टाका, असा सल्ला दिला असता.

आता जस्ताचे पाहा. जस्त कमी पडले, की पाने लहान राहतात, दोन पेऱ्यांतील अंतर कमी होते आणि झाड खुजे, गुच्छासारखे दिसते. पेशी लांबविण्याचे काम ऑक्सिन नावाच्या वाढद्रव्याकडे असते. जस्त नसलेल्या झाडात या वाढद्रव्याचे प्रमाण घटते, हे स्कूग यांनी १९४० साली दाखविले. म्हणजे पेशी आखडतात त्या विटांच्या अभावी नव्हे. ‘लांब हो’ असे सांगणारा निरोपच त्यांच्याकडे पोहोचत नाही. तांब्याचे काम निराळे. जलवाहिनीच्या भिंतीला लाकडासारखा कठीणपणा आणणारे द्रव्य तयार होण्यास तांबे लागते. ते कमी पडल्यास भिंती मऊ राहतात आणि आतील ओढीने नळ्या चेपतात. मँगनीज नसेल, तर हरितकणांत पाण्याचे विघटन होत नाही आणि साखर तयार होण्याचा पहिलाच टप्पा अडतो. वाटाण्यात त्याची खूण अशी की, दाणा बाहेरून चांगला दिसतो, पण त्याच्या दोन डाळी अलग केल्या तर आतल्या बाजूस तपकिरी डाग आढळतो. निकेलची गरज तर सर्वांत उशिरा कळली, आणि तीही सोयाबीनमुळे. निकेल नसल्यास पानांच्या टोकांत युरिया साठून ती जळतात, हे १९८३ साली प्रसिद्ध झाले.

लोहाची कथा सर्वांत जुनी आहे. १८४० नंतरच्या काही वर्षांत फ्रान्समध्ये युसेब ग्रिस यांनी पिवळ्या पडलेल्या पानांना लोहाच्या क्षाराचे पाणी लावून पाहिले आणि ती पाने हिरवी झाली. पानांवरील फवारणीच्या शास्त्राचा आरंभ येथे झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येण्याजोगा आहे. चुनखडीच्या जमिनीतील भुईमुगाचे किंवा सोयाबीनचे पिवळे पान घ्यावे. हिराकशीचे अगदी सौम्य पाणी कुंचल्याने पानाच्या अर्ध्या भागाला लावावे. काही दिवसांनी जेथे पाणी लागले तेवढाच भाग हिरवा झालेला दिसतो. शेजारचा भाग पिवळाच राहतो, आणि त्यानंतर येणारे नवे पानही पिवळेच येते.

श्रोतेहो, या साध्या प्रयोगात आजच्या विषयाचे मर्म आहे. पानातून दिलेले लोह त्या पानातून फारसे हलत नाही. जस्त थोडे हलते. बोरॉन बहुतेक शेंगवर्गीय झाडांत पानापर्यंत पाण्याच्या प्रवाहाबरोबर जाते आणि तेथेच राहते. त्याला परतीची वाट जवळजवळ नाही. यामुळेच बोरॉन अधिक झाले, की पानांच्या कडा प्रथम जळतात. पाणी कडेपर्यंत जाऊन उडून जाते आणि बोरॉन मागे साठत जाते. तेव्हा फवारणीने जी पाने, जे शेंडे, जी फुले त्या दिवशी झाडावर आहेत त्यांची सोय होते. पुढच्या पंधरवड्यात येणाऱ्या पानांची सोय मुळांनीच करावयाची असते. वाढीचा थर एकदा बिघडून ज्या नळ्या वाकड्या झाल्या, त्या मागाहून केलेल्या फवारणीने सरळ होत नाहीत. यापुढे तयार होणाऱ्या नळ्या तेवढ्या चांगल्या होतील. म्हणून फवारणीची वेळ साधणे हे तिच्या मात्रेइतकेच महत्त्वाचे आहे. जस्त आणि लोह द्यावयाचे ते झाड वाढीला लागले असताना, आणि बोरॉन द्यावयाचे ते फुलोऱ्याच्या सुमारास. परागकणातून निघणाऱ्या नळीची भिंतही बोरॉनवाचून नीट बनत नाही.

आता आपल्या काळ्या जमिनीचा विचार करू. माळव्यातील आणि विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या जमिनीत लोह नाही असे नाही, जस्तही अगदीच नाही असे नाही. परंतु ही जमीन अल्कधर्मी असते, पुष्कळ ठिकाणी चुनखडीची असते आणि अशा जमिनीत ही द्रव्ये अविद्राव्य रूपात अडकून पडतात. कोठार भरलेले, पण कुलूप लावलेले, अशी ती स्थिती असते. मॉलिब्डेनमचे याच्या उलट आहे. ते अल्कधर्मी जमिनीत अधिक सुटे होते आणि कोकणातल्यासारख्या आम्लधर्मी तांबड्या जमिनीत अडकते. गाठींतील जीवाणूंना नत्र मिळविण्यासाठी ते हवेच असते. पण ज्या काळ्या रानात ते पुरेसे आहे, तेथे त्याची बाटली विकत घेण्यात काय अर्थ? एकाच बाटलीत सर्व द्रव्ये घालून ती सर्व जमिनींना सारखीच विकली जाते, तेव्हा हा साधा भेद पुसला जातो.

आणखी एक गोष्ट. पावसाची झड लागली आणि पाणी साचून राहिले, की काळ्या रानातील सोयाबीन पिवळे पडते. लोक लगेच फवारणीच्या मागे लागतात. वास्तविक साचलेल्या पाण्याने मुळांची हवा कोंडते आणि चुनखडीच्या जमिनीत लोह घेण्याची त्यांची शक्ती मंदावते. चर काढून पाणी बाहेर काढले, जमिनीला वाफसा आला, की पुष्कळदा नवी पाने आपोआप हिरवी येतात. अशा वेळी फवारणीहून कुदळीचा उपयोग अधिक. म्हणून चार-सहा दिवस थांबून नवे पान कसे येते, हे पाहावे.

थोडा हिशेब करून पाहू. जमिनीच्या एक किलो मातीत पिकाला घेता येण्याजोगे जस्त ०.६ मिलिग्रॅमहून कमी असेल, तर ती जमीन जस्ताच्या बाबतीत उणी समजतात. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या थरात हे प्रमाण सव्वा किलोच्या आसपास होते. हरभऱ्याचे १५ क्विंटल पीक आले, तर दाण्यांतून सुमारे ५० ग्रॅम जस्त शेताबाहेर जाते. हेक्टरी ५०० लिटर पाण्यात अर्धा टक्का झिंक सल्फेट घालून एक फवारणी केली, तर अडीच किलो क्षारातून सुमारे अर्धा किलो जस्त पिकावर पडते. तेच २५ किलो झिंक सल्फेट जमिनीत घातले, तर सव्वापाच किलो जस्त मिळते आणि त्याचा अंश पुढच्या दोन-तीन हंगामांपर्यंत उपयोगी पडतो. फवारणी त्वरित लागू पडते. जमिनीला दिलेले टिकते. पहिली आजारपणातील औषधाच्या जागी आहे, दुसरे रोजच्या अन्नाच्या. औषधावर कोणी वर्षानुवर्षे जगत नाही, आणि ताप चढलेला असताना केवळ अन्नाच्या भरवशावरही कोणी राहत नाही.

ही उणीव काल्पनिक नाही. देशातील जमिनींतील सूक्ष्म अन्नद्रव्यांची पाहणी करणारा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९६७ साली सुरू झाला. त्याचे काम आज भोपाळमधील नबीबाग येथील भारतीय मृदाविज्ञान संस्थेतून चालते. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. तिचे अंगण बरखेड्याहून फार लांब नाही. देशभरातून तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत जस्त अपुरे आढळले आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत ज्या १२ बाबींची नोंद होते, त्यांत जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन यांचाही समावेश आहे. बाटली विकत घेण्यापूर्वी हा कागद पाहावा. तो घरात असतो, पण पेटीत असतो.

आता फवारणीचे अंतर्रचनेवरील परिणाम. बाकला, मूग, सोयाबीन अशा पिकांवर भारतात आणि विशेषतः इजिप्तमध्ये असे अनेक प्रयोग झाले आहेत. फवारलेल्या झाडांत पान अधिक जाड होते, खांबांचा थर उंच होतो, खोडाचा घेर आणि जलवाहिन्यांची रुंदी वाढते, असे निष्कर्ष त्यांतून पुष्कळदा निघाले आहेत. हे निष्कर्ष खोटे मानण्याचे कारण नाही. पण ते वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. जेथे जमिनीत त्या द्रव्याची उणीव असते, तेथे फरक ठळक पडतो. जेथे ते पुरेसे असते, तेथे फरक थोडा पडतो, पडत नाही, किंवा मात्रा जास्त झाल्यास उलटा पडतो. दुसरे असे की, जाड पान हे शेवटी साधन आहे. त्या पानात तयार झालेली साखर रुंद रसवाहिन्यांतून शेंगेपर्यंत गेली, तरच दाणा भरतो. फुले गळली, अळी पडली किंवा फेब्रुवारीत ऊन एकाएकी वाढले, तर सुंदर पानाचे शेत रिकाम्या शेंगांचे निघते. हिरवेपणावर भाळून हिशेब मांडणारा शेतकरी मळणीच्या दिवशी फसतो.

म्हणून ज्यांना फवारणी करावयाची आहे, त्यांना माझे सांगणे थोडक्यात असे. जस्तासाठी १०० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम झिंक सल्फेट घ्यावे आणि त्याचा दाहकपणा मोडण्यासाठी २५० ग्रॅम चुन्याची निवळी त्यात मिसळावी. एकरी २०० लिटर पाणी धरले, तर एक किलो झिंक सल्फेट पुरते. लोहासाठी १०० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम हिराकस आणि १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकातील लिंबूसत्त्व, घ्यावे. हे पाणी ताजेच वापरावे. ठेवले तर तांबूस होऊन निकामी होते. टाकणखार १०० लिटरला १०० ते २०० ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये. बोरॉनच्या बाबतीत पुरेसे आणि विषारी यांच्यामधील अंतर फार थोडे आहे. कोणतेही मिश्रण प्रथम दोन-चार ओळींवर मारून दोन दिवस पाहावे आणि मगच सबंध शेतावर फवारावे.

यापेक्षाही महत्त्वाची सूचना निराळी आहे. शेताच्या मधोमध एक पट्टा कोरा ठेवावा. त्यावर केवळ साधे पाणी फवारावे. बाकी मशागत, बियाणे, खत सर्व सारखे. मग फुलोऱ्यात दोन्हीकडील पाच-पाच झाडे मुळांसकट हलक्या हाताने उपटावीत. मुळांवरच्या गाठी मोजाव्यात आणि नखाने चिराव्यात. आतून गुलाबी असतील, तर त्या काम करीत आहेत. हा रंग आपल्या रक्तातील तांबड्या द्रव्याच्या जातीचाच, लोहयुक्त असतो. पांढऱ्या किंवा हिरवट असतील, तर त्यांचे काम सुरू झालेले नाही किंवा संपले आहे. पेऱ्यांतील अंतर मोजावे. गावातल्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर मुलांकडून खोडाचे काप काढवून घ्यावेत. आठवी-नववीची मुले हे काम उत्तम करतात आणि ज्या पिकाने घर चालते, ते आतून पाहताना त्यांचे डोळे पुस्तकातील आकृतीपेक्षा अधिक मोठे होतात. शेवटी दोन्ही पट्ट्यांतील दाणे वेगळे मळून वेगळे तोलावेत. तराजूचा काटा ज्या बाजूला झुकेल, ती त्या शेतापुरती साक्ष. ती दुकानदाराच्या शब्दापेक्षा खरी, आणि माझ्या या भाषणापेक्षाही खरी.

जाता जाता एक गोष्ट सांगणे जरूर आहे. जस्त माणसालाही लागते. त्याच्या अभावी मुलांची वाढ खुंटते, याकडे जगाचे लक्ष वेधणारे डॉक्टर आनंद प्रसाद मूळचे बिहारचे. इराणमधील वाढ खुंटलेल्या तरुणांवरील त्यांची निरीक्षणे १९६१ साली प्रसिद्ध झाली. ज्या घरात मांस-मासळी येत नाही, किंवा परवडत नाही, तेथे जस्ताचा मोठा वाटा धान्य आणि डाळींतूनच यावयाचा. शेंगा भरताना केलेली जस्ताची फवारणी दाण्यातील जस्ताचे प्रमाण वाढवू शकते, असे आता दिसून आले आहे. अशा रीतीने पानावरचा थेंब शेवटी मुलाच्या ताटापर्यंत पोहोचतो. तो वाटेत वाया जाऊ नये, भलत्या रानात पडू नये आणि त्यासाठी गरिबाचा पैसा व्यर्थ जाऊ नये, एवढ्यासाठी पानाची, खोडाची आणि मुळाची घडण शेतकऱ्याने स्वतः पाहावयास शिकले पाहिजे. त्यासाठी दाढीचे एक पाते आणि थोडी चिकाटी एवढे पुरे आहे.